टेबल सॉवर आडवा काप घ्यायला सरकतं टेबल बसवावं का? बसवायचं तर काय पाहून?

तुमच्याकडे १० इंची टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर येणारं करवतयंत्र) आहे, सोबत आलेला मायटर गेज (खाचेत सरकणारा, लाकूड कोनात धरणारा आधार) डुगडुगतो, कपाटाच्या बाजू गुण्यात (काटकोनात) निघत नाहीत. म्हणून डावीकडे बसवायचं, लाकडासकट पात्याजवळून पुढेमागे सरकणारं टेबल घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सागवान आणि प्लाय दोन्हीचं काम करतो, आणि आडव्या (लाकडाच्या रेषांना काटकोनात घ्यायच्या) कापाचे दोन्ही उपाय, घरी केलेला स्लेड आणि सरकतं टेबल, वापरून झालेत. कॅटलॉग बघायच्या आधी एकच करा: तुम्हाला लागणारा सगळ्यांत रुंद आडवा काप किती, ते मोजा.

खुर्चीचे पाय, ड्रॉवरच्या बाजू, फ्रेमच्या पट्ट्या, म्हणजे ४०-४५ सेंमीच्या आतलं काम असेल, तर पैसे वाचवा आणि घरीच स्लेड, म्हणजे लाकूड धरून पात्यावरून सरकवायचा पाट, करा. १८ मिमी प्लायचा तळ, टेबलच्या खाचांत सरकणाऱ्या दोन पट्ट्या आणि मागे एक सरळ, जाड आधारपट्टी, बस. खाचेचं माप मात्र व्हर्निअरनेच घ्या. अमेरिकन पद्धतीच्या यंत्रांत ती पाऊण इंच रुंद असते, पण सगळीकडे तशी नसते. पट्ट्या लाकडाच्या करू नका. जानेवारीत लोण्यासारखा सरकणारा माझा पहिला स्लेड जुलैत खाचेत असा फुगून बसला की तो ठोकून काढावा लागला. आता मी एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतो.

६० सेंमी खोल कपाटाच्या बाजू रोज कापायच्या असतील तर स्लेड पुरत नाही. तो एवढा मोठा होतो की उचलताना कंबर धरते. तिथे सरकतं टेबल खरंच कामाचं. पण एक लक्षात घ्या. ही कल्पना मुळात पॅनेल सॉची, म्हणजे मोठे प्लाय कापायच्या कारखानी यंत्राची, आहे. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली ती आणली, आणि त्या यंत्रांचा सांगाडाच सरकत्या टेबलाभोवती बांधलेला असतो. आपण मात्र ते नंतर बाजूला बोल्टने जोडतो. सगळा भार डावीकडे लटकतो. तुमचा सॉ घडीच्या स्टँडवरचा, ॲल्युमिनियम टेबलचा असेल तर हा विचार सोडून द्या, जड पाटी (कापायची फळी) ठेवली की तो कलंडू शकतो. ओतीव लोखंडाचं टेबल आणि बंद, जड बैठक असेल तरच पुढे जा.

जागेचा हिशोबही करा. १२० सेंमी लांबीचं टेबल १२० सेंमी सरकलं की एकूण २४० सेंमी जागा खातं, वर तुम्हाला उभं राहायला जागा हवी ती वेगळीच.

माझी चूक अशी झाली की मी फक्त ते किती लांब सरकतं एवढंच पाहिलं. त्याचा बाहेरचा हात, ज्यावर पाटीचं दुसरं टोक टेकतं, एकाच हातस्क्रूवर धरलेला होता. रिकामं असताना सगळं गुण्यात, वजन ठेवलं की टोक खाली जायचं आणि आधारपट्टीही हलायची. एका कपाटाच्या चारही बाजू मिलिमीटरहून जास्त तिरक्या निघाल्या, आणि ते कळलं शटर (कपाटाची दारं) लावताना. म्हणून दुकानात टेबल पूर्ण बाहेर ओढा, टोकाला तळहाताने दाबा. लचक जाणवली तर घेऊ नका. बेअरिंग झाकलेली आहेत का तेही बघा, उघड्या रुळावर भुसा साचला की टेबल अडखळतं.

बसवताना आधी पातं सॉच्या स्वतःच्या खाचेला समांतर करा. मग सरकत्या टेबलाची चाल पात्याशी जुळवा. पात्याची मागची कड सरकत्या टेबलावरच्या लाकडापासून ०.०५ ते ०.१ मिमी दूर राहिली तर चालेल, जवळ मात्र नको, नाहीतर मागचे दात कापलेली कड पुन्हा खरवडतात. सरकतं टेबल मुख्य टेबलापेक्षा कागदाच्या जाडीइतकं उंच ठेवा, म्हणजे पाटी लोखंडावर घासत नाही.

मग पाच कापांची चाचणी. ४० सेंमीचा चौरस प्लाय घ्या. आत्ता कापलेली कड दर वेळी आधारपट्टीला लावत चारही बाजू कापा आणि पाचव्या कापाला एक पट्टी काढा. तिच्या दोन टोकांच्या रुंदीतला फरक भागिले ४, म्हणजे त्या लांबीत एका कापाची चूक. फरक ०.४ मिमी असेल तर चूक ०.१ मिमी. एवढी कपाटाला चालते. जास्त असेल तर आधारपट्टी किंचित हलवून चाचणी पुन्हा.

आणि कृपा करून, आडवा काप घेताना सुटणारा तुकडा रिप फेन्सला (उभ्या कापासाठी पात्याला समांतर लावायच्या आधाराला) टेकवू नका. तो पातं आणि फेन्समध्ये अडकतो आणि अंगावर उसळतो. माप धरायला थांबा हवा असेल तर तो आधारपट्टीवर लावा.

सॉचं मॉडेल आणि खोलीची लांबी-रुंदी खाली लिहा, मग बसेल की नाही ते नेमकं सांगतो.