लाल चौकोन

ताई,
माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. आम्ही चिंचवडला राहतो, सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो आणि घरी आला तरी त्याचं डोकं तिथेच असतं. पाळण्याखाली त्याने स्वतः जोडलेला वजनकाटा बसवलाय. दूध किती मिली, झोप किती मिनिटं, शी-शू किती वेळा, सगळं एक्सेलमध्ये. बाळ ३५व्या आठवड्यात झालं, सिझेरियन झालं, नऊ दिवस पेटीत होतं. पहिले दोन दिवस तर मी त्याला पाहिलंही नव्हतं. तेव्हा नवऱ्याने एका वहीत लिहायला घेतलं ते आजतागायत थांबलेलं नाही.
पहिल्या वाढदिवसाला औक्षण झालं आणि त्याने सगळ्यांसमोर टीव्हीवर बाळाचे आलेख लावले. ‘चालणे’ या ओळीपुढे लाल चौकोन होता. नणंद म्हणाली, “अगंबाई, नापास का?” सगळे हसले. मी आत जाऊन रडले. बाळ रांगलंसुद्धा नाही, बुडावरच सरकत घरभर फिरतं. सासूबाई म्हणतात, “हा दहाव्या महिन्यात धावायचा, वॉकर आणा.” नवरा रोज रात्री तो चौकोन उघडून बसतो. त्याला आपला मुलगा दिसतच नाही, नुसते आकडे दिसतात. मी काय करू?

---

अगं,
तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा कॅलेंडर काढून बसले. तूही काढ, आणि नवऱ्याला शेजारी बसव.

बाळ ३५व्या आठवड्यात आलं, म्हणजे पूर्ण दिवसांच्या पाच आठवडे आधी. अशा बाळाचं वय वाढीच्या हिशेबात जन्मतारखेपासून धरत नाहीत, डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिलेली असते तिच्यापासून धरतात. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत बालरोगतज्ज्ञ असंच मोजतात. त्या हिशेबाने तुझा मुलगा आज १३ महिन्यांचाही नाही. वाढदिवसाच्या दिवशी तो ११ महिन्यांचाही नव्हता. आणि त्याच दिवशी त्याच्या नावापुढे लाल चौकोन लावून तो नातेवाइकांना दाखवला गेला.

आता तो चौकोन लाल झाला कसा ते बघ. मला वाटतं, त्याने कुठेतरी वाचलं असणार की मुलं १२व्या महिन्यात चालतात, आणि १२ ही मर्यादा धरून रंगाचा नियम लावला असणार. पण १२ महिने हा मधला आकडा आहे. अर्धी मुलं त्याच्या आधी चालतात, अर्धी नंतर. मधल्या आकड्यालाच शेवटची तारीख केली तर जगातली अर्धी निरोगी मुलं लाल होतील. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली याची मानकं प्रसिद्ध केली. त्यासाठी भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या ८१६ निरोगी मुलांचं चालणं-बसणं-रांगणं नोंदवलं होतं. आधाराशिवाय चालण्याचा त्यांचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. एकटं उभं राहण्याचा ६.९ ते १६.९. आणि त्यातली ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. बुडावर सरकणारी मुलं तर बऱ्याचदा थोडी उशिराच उभी राहतात, कारण त्यांना हवं तिथे पोचायची सोय आधीच झालेली असते.

हे त्याला रागाने सांगू नकोस. “तू बाळाला मार्क देतोस” असं म्हणालीस तर तो फाईल मिटेल आणि रात्री चोरून उघडेल. त्याला समजेल अशा भाषेत सांग: तुझ्या फाईलमध्ये सुरुवातीची तारीख चुकली आहे आणि मर्यादाही चुकली आहे. अशी चूक ऐकली की तुझा नवरा रात्री झोपायच्या आत ती दुरुस्त करेल, याची मला खात्री आहे.

फाईल बंद कर, असं मात्र मी तुला सांगणार नाही. तुझ्या सासूबाईंची आठवण बघ. “दहाव्या महिन्यात धावायचा.” माझ्या आजीकडेही अशा नोंदी असायच्या, सगळ्या सणांवर बेतलेल्या: थोरला पोळ्याला बसला, दिवाळीला रांगला, शिमग्याला चालला. ऐकायला गोड वाटायचं. पण चार मुलांच्या आठवणी एकमेकींत मिसळायच्या, आणि दर वर्षी प्रत्येक मूल आदल्या वर्षीपेक्षा महिनाभर आधी चालायला लागलेलं असायचं. तिच्या सुनांनी त्यापायी किती ऐकून घेतलं ते मी पाहिलंय. तारीख घालून लिहिलेली नोंद असती तर माझ्या आईची त्यातून सुटका झाली असती. तुझ्या घरात ती नोंद आहे. ती तुझ्या बाजूची आहे, फक्त नीट वाचली गेलेली नाही.

वाढदिवसाच्या दिवशी जे झालं ते मात्र चुकलंच, आणि तू दुखावलीस यात तुझं काही चुकलेलं नाही. मोजलं म्हणून नव्हे, चारचौघांत मांडलं म्हणून. बाळाचं वजन, त्याची शी-शू, त्याचं चालणं हे आई, बाप आणि डॉक्टर यांच्यातलं आहे. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांग, आणि नणंदेला त्यानेच फोन करायला हवा, तू नाही. “मी चुकीचा तक्ता लावला होता, बाळ व्यवस्थित आहे,” एवढं पुरे.

वॉकर आणू नका. बाळाला मध्ये बसवून चाकांवर सोडून द्यायचं ते वॉकर चालायला शिकवत नाही, उलट जिन्यावरून पडून डोक्याला मार लागल्याची उदाहरणं इतकी झाली की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. सासूबाईंना काही आणायचंच असेल तर लाकडी पांगुळगाडा आणायला सांग. त्यात मूल स्वतः उभं राहतं, स्वतःच्या पायावर भार घेतं आणि ढकलतं. हौसही होईल, आणि त्यांचा शब्द खाली पडला असंही होणार नाही. नुसतं दोघांपैकी कुणीतरी शेजारी बसा.

डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला जाल तेव्हा सरकण्याची गोष्ट सांगा, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवा. मूल १८ महिन्यांचं झालं तरी एकटं चालत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करेनासं झालं, एकच हात किंवा एकच पाय वापरू लागलं, अंग फार कडक किंवा फार ढिलं वाटलं, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. १८ महिने जन्मतारखेपासून धरायचे की डॉक्टरांच्या तारखेपासून, ते आत्ताच विचारून ठेवा.

आता तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तू जाता जाता लिहून गेलीस. बाळ पेटीत होतं तेव्हा त्याने वहीत लिहायला घेतलं.

मी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकड्यावर बसलेले बाप पाहिलेत. माझ्या भाचीचं बाळ ३२व्या आठवड्यात झालं तेव्हा मी तिथे रोज डबा घेऊन जायची. आईला निदान आत बोलावतात, दूध काढायला सांगतात, कांगारूसारखं छातीशी धरायला देतात. बाप काचेच्या अलीकडे. त्याच्या हाताला काम नसतं. सिस्टर बाहेर येऊन सांगतात ते आकडेच त्याला मिळतात: आज १,९४० ग्रॅम, आज ३० ग्रॅम कमी, आज ऑक्सिजन काढला. भाचजावई ते बसच्या तिकिटाच्या मागे लिहायचा. दुसऱ्या दिवशी आकडा वर गेला की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तुझ्या नवऱ्याला आकड्यांपलीकडे मुलगा दिसत नाही, असं तुला वाटतं. मला वाटतं, त्याला मुलगा पहिल्यांदा दिसला तोच आकड्यांत. तो अजून त्या काचेसमोर उभा आहे. बाळ घरी आलं, दात आले, तुझ्या मागे बुडावर सरकत ओट्यापर्यंत येऊ लागलं, तरी रात्री फाईल उघडून तो खात्री करून घेतो की आकडा खाली आलेला नाही. कुणी त्याला विचारलं का, की ते नऊ दिवस तुझे कसे गेले? तुझी विचारपूस सगळ्यांनी केली असेल, आणि ती करायलाच हवी होती. त्याची कुणी केली नसावी, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

म्हणून आणखी एक कर. फाईल नको, ती पहिली वही मागून घे. तू वॉर्डात टाके घेऊन पडली होतीस ते पहिले दोन दिवस तुझ्याकडे नाहीतच. ते फक्त त्याच्याकडे आहेत, त्या वहीच्या पहिल्या पानांवर. बाळ झोपल्यावर ती पानं त्याच्याकडून वाचून घे. घाई करू नकोस. प्रत्येक आकड्यापाशी थांबव आणि विचार, तेव्हा तू कुठे उभा होतास, बाळ कसं दिसत होतं.