निपाणीकडचा आहे, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी मिडियम, वडील मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर. वशिल्याशिवाय आर्मी ऑफिसर होता येतं का? एसएसबीसाठी, म्हणजे ऑफिसर निवडीच्या चाचण्यांसाठी, क्लास लावू का?

वशिल्याचं आधी उरकतो. लागत नाही आणि चालतही नाही. एसएसबीत तुला तीन वेगळी माणसं बघतात, सायकॉलॉजिस्ट तू लिहिलेलं वाचतो, जीटीओ म्हणजे ग्रुप टेस्ट घेणारा ऑफिसर ग्राउंडवर बघतो, तिसरा इंटरव्ह्यू घेतो, आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला बसेपर्यंत तिघं आपापले मार्क वेगवेगळे ठेवतात. आता तिघांकडं एकाच वेळी कुणाचा फोन जाणार सांग. ‘आतून ओळख आहे, एवढे द्या’ म्हणून वडलांना कुणी गाठलं तर सरळ चहा पाजून वाटेला लाव.

मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळा, शॉर्ट सर्व्हिसनं, म्हणजे ठराविक वर्षांच्या नोकरीवर, ओटीए चेन्नई या ऑफिसर ट्रेनिंग अकॅडमीतून गेलो आणि टर्म संपवून आता बेळगावातच असतो.

आपल्याकडची गंमत बघ. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं सेंटर इथं बेळगावात, सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग, मिलिटरी स्कूल आहे, कमांडो ट्रेनिंग आहे, म्हणजे फौज रोज डोळ्यासमोर. कुठल्याही गावात पहाटे पाचला पोरं रस्त्यावर पळताना दिसतील, सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचे हे टपरीवालासुद्धा सांगेल, पण सीडीएसचा, म्हणजे ऑफिसर व्हायच्या लेखी परीक्षेचा, फॉर्म कधी सुटतो विचार, सगळे गप्प. भरती म्हणजे आपली, ऑफिसर म्हणजे कुणीतरी बाहेरून आलेला साहेब, हे घराघरात बसलंय. तीन पिढ्या रेजिमेंटमध्ये काढलेल्या घरातला पोरगापण बारावी झाली की आधी भरतीच्याच मैदानावर जातो, कारण घरात दुसरी वाट कुणी बघितलेलीच नाही. तू विचारलंस हेच लई झालं.

तर तुझ्यासाठी वाट म्हणजे सीडीएस. यूपीएससी वर्षातनं दोनदा घेते, शेवटच्या वर्षाच्या पोरालाही फॉर्म भरता येतो, फी २०० रुपये. आयएमएला, म्हणजे डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीला, जायचं असेल तर इंग्लिश, जीके आणि गणित असे १००-१०० चे तीन पेपर, ओटीएला गणित नाही, नुसतं इंग्लिश आणि जीके. गणित दहावीच्या लेवलचं असतंय, बीकॉमवाल्यानं घाबरायचं कारण नाही, मात्र चुकलं की एकतृतीयांश मार्क कापतात म्हणून ठोकाठोकी करू नको. अविवाहित पाहिजे, वय साधारण आयएमएला २४ आणि ओटीएला २५ च्या आत, पण जाहिरातीत जन्मतारखा दिलेल्या असतात त्या बघूनच भर. मी पेपर धारवाडला दिला होता, लांब जावं लागत नाही. कॉलेजात एनसीसी केली असशील आणि सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीनं लेखी न देता अर्ज करता येतो, डिग्रीला ५० टक्के लागतात, त्यात शॉर्टलिस्ट झालास की थेट एसएसबी. सी सर्टिफिकेट कपाटात ठेवून भरतीला पळणारी पोरं मी बघितलीत, डोक्याला हात लावावा वाटतो. वडलांच्या सर्व्हिसचा सेंटरच्या भरतीत कोटा असतो तसा इथं नाही, आणि जवानांच्या भरतीत राज्याच्या हिशोबानं जागा असतात तसलंही इथं काही नाही, तू कर्नाटकातला का महाराष्ट्रातला हे कुणी मोजत नाही. घरची बहीण विचारत असेल तर तिलाही सांग, ओटीए मुलींना खुली आहेच, बारावीनंतरची एनडीएपण २०२१ पासून खुली झाली.

आता एसएसबी. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना बेंगलोर सेंटर येतं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसायचं, सकाळी तिथं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग आणि तिथंच बरेच जण दुपारची जेवणं करून परत. आधी बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. माझ्या वेळी चित्रात पाण्यासारखं कायतरी, दोन-तीन माणसं आणि एक वाकलेला, बाकीच्यांनी पूर आणला, बुडणाऱ्याला वाचवलं, शौर्यपदक दिलं. मी लिहिलं की गावच्या बंधाऱ्याची फळी सडल्यानं पाणी वाया जातंय, सोसायटीचा सेक्रेटरी पोरगा चार शेतकऱ्यांना घेऊन दोन दिवसांत ती बदलतो, पैसे कसे गोळा केले तेही एका ओळीत. थोर गोष्ट नव्हती पण मला माहीत असलेली होती. मग प्रत्येकानं आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक ठरवायची, इथं जो मासळी बाजार भरतो तो बघण्यासारखा असतोय, पंधरा जण एकदम ओरडतात, जीटीओ आणि बाकीचे गप्प बसून लिहीत असतात. तिथं ओरडून काही मिळत नाही आणि तोंड शिवून बसलं तरी काही मिळत नाही. मी दोनच मुद्दे बोललो, पण दुसऱ्यांदा बोलताना एका हरियाणाच्या पोराचं नाव घेऊन त्याचा मुद्दा पुढं नेला, कारण तो खरंच बरा होता आणि त्याला कुणी बोलू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नुसतं लिहिणं. बारा चित्रांवर गोष्टी, शेवटचं चित्र कोरं, मग ६० शब्द, एकेकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं, मग अर्ध्या तासात ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते लिहायचं, शेवटी आईवडील, मित्र, मास्तर तुझ्याबद्दल काय म्हणतात ते. हात मोडून येतो. क्लासचं म्हणशील तर इथंच घोळ होतो बघ. पाठ केलेलं लिहायला वेळ असतो पहिल्या दहा शब्दांपुरता, चाळिसाव्या शब्दापर्यंत माणूस खरा बाहेर येतो, आणि एका जागी शूरवीर, दुसऱ्या जागी घाबरट असं कागदावर दिसलं की सायकॉलॉजिस्टला काय ते कळतं. ज्यांना टेस्ट कशा असतात हेच माहीत नाही त्यांनी आठ-दहा दिवस क्लास करायला हरकत नाही, पण हजारो रुपये घालून कुणी तुला ‘पर्सनॅलिटी’ विकत देणार नाही. त्यापेक्षा रोज इंग्लिश पेपर मोठ्यानं वाच आणि मित्राला पकडून एका विषयावर तीन मिनिटं बोल, ग्राउंडवर लेक्चरेटला, म्हणजे छोट्या भाषणाला, तेच करायचं असतं.

इंग्लिशचं भूत सगळ्यात मोठं, मला माहीत आहे. चुकीचं इंग्लिश चालतं, अडखळतं चालतं, विचारच नसेल तर मग फाडफाड इंग्लिशसुद्धा चालत नाही. मी इंटरव्ह्यूला दोनदा अडलो, परवानगी मागून हिंदीत वाक्य पूर्ण केलं, साहेबांनी मान हलवली आणि पुढं गेले.

ग्राउंडवर जीटीओ बल्ली, फट्टा, रस्सी देतात आणि लाल रंगाला हात न लावता पलीकडं जायचं. शेतात वाढलेल्या पोराला फळी कुठं टेकवली तर उलटणार नाही हे आपोआप कळतं, कोचिंगवाली पोरं तिथं थिअरी सांगत उभी असतात. पण कमांड टास्कला तुलाच दोन साथीदार निवडायचे असतात, तिथं नुसतं ‘तू हे धर, तू ते धर’ करू नको, त्याचं ऐक आणि पटलं तर प्लॅन बदल.

इंटरव्ह्यूत बेळगावचा म्हटल्यावर सीमाप्रश्न येऊ शकतो, मला आला. इथं दोन प्रकारची पोरं फसतात, एक जे घोषणा द्यायला लागतात आणि दुसरे जे ‘मला त्यातलं काही माहीत नाही सर’ म्हणून अंग काढतात. मी १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा एवढं सांगितलं, कर्नाटकाचं म्हणणं काय तेपण सांगितलं, मग घरात आमच्या भावना काय आहेत ते लपवलं नाही, आणि शेवटी कन्नड येतं का विचारल्यावर शेजारच्या अक्काशी रोज तेच बोलतो म्हटलं. साहेब हसले. उद्या तुझ्या पलटणीत धारवाडचा पण जवान असेल आणि साताऱ्याचा पण, त्यांना तुझं मत ऐकायचं नसतं, तू न्यायानं वागतोस का ते बघायचं असतं, इंटरव्ह्यू घेणारापण बहुतेक तेच बघत असतो. ऊस पिकवत असशील तर एकरी टनेज, कारखान्याचं बिल कधी मिळतं, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, हेपण तोंडपाठ ठेव, स्वतःच्या घरचं माहीत नसलेला माणूस तिथं लगेच उघडा पडतो.

कागदपत्रं आताच बघ. आपल्याकडं एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर आडनावाच्या जागी नुसतं इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, डिग्रीवर वेगळंच स्पेलिंग, असा गोंधळ घरटी आहे. जन्मतारीख दहावीच्या कागदावरचीच धरतात. कॉल लेटर आल्यावर कोर्टात अॅफिडेव्हिटला पळण्यापेक्षा सुट्टीत करून टाक.

रेकमेंड झालास की लगेच मेडिकल, मिलिटरी हॉस्पिटलात. जायच्या आधी कानातला मळ काढून घे, दातांचं बघ, वजन उंचीच्या हिशोबात आण. अनफिट दिलं तरी घाबरून घरी येऊ नको, अपील मेडिकल असतं, त्यासाठी ४२ दिवस मिळतात, साधी कारणं तेवढ्यात दुरुस्त होतात. त्यानंतरही मेरिट लिस्ट असतेच, तोवर गावात बॅनर लावू देऊ नको. आणि दंडावर किंवा छातीवर महाराजांचा टॅटू काढायचा विचार असेल तर थांब, कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू एवढ्यावरच चालतो, बाकी कुठंही असला तर तिथंच बाहेर काढतात.