छज्ज्याखालची खाच

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

चंदीगडचे फोटो पाहिले. निम्म्या फोटोंत आभाळच जास्त आहे, म्हणजे मान वर करकरून पाहिलंयस. आल्या आल्या नगरपालिकेच्या इमारतीच्या ड्रॉइंगवर जागोजागी 'एक्सपोज्ड काँक्रीट', म्हणजे गिलाव्याविना उघडं काँक्रीट, लिहून टाकलंस, तेही पाहिलं. तुझ्या वयात मीही लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी चंदीगड. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी होती, आणि १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाकडे ते काम आलं. तो वर्षातून दोनदा यायचा. तिथे ठाण मांडून बसला तो त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, थेट १९६५ पर्यंत. फोटोत पहिल्याचं नाव येतं. शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा फळ्यांचा साचा, उघडताना हजर असतो दुसरा. तू सध्या दुसरी हो.

विधानसभेचं ते गोल, वर निमुळतं होत जाणारं सभागृह कॉर्ब्युझिएला सुचलं अहमदाबादच्या वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर पाहून. एवढ्या मोठ्या कवचाची जाडी सरासरी १५ सेंटिमीटर. आणि माल वर गेला तो डोक्यावरच्या घमेल्यांतून, उतरत्या फळ्यांच्या वाटेवरून चढणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांनी. भिंतींवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत, सांधे आहेत, कुठे कुठे ओबडधोबडपणाही आहे. गिलावा नाही, म्हणजे सुताराने जे केलं तेच कायमचं दिसणार. तुझ्या कामावरच्या सुताराचं नाव तुला माहीत आहे का? ड्रॉइंगआधी त्याच्याशी बोल.

आता पाणी. विधानसभेच्या दर्शनी पोर्टिकोचं, म्हणजे खांबांवरच्या पडवीचं, छप्पर म्हणजे एक अगडबंब पन्हळच आहे. पाऊस येणार हे धरूनच काढलेलं. आणि त्याच माणसाच्या उच्च न्यायालयाची गंमत बघ. १९५५ मध्ये ते सुरू झालं. खालच्या छपरावर दुसरं, छत्रीसारखं छप्पर, मधून वारा खेळता. काय डोकं! पण न्यायदालनांच्या दारांपुढे नीट आडोसाच नव्हता. ऊन आणि पावसाची झड थेट आत. शेवटी पुढून लांबलचक व्हरांडा जोडावा लागला. छत्रीचा विचार झाला, दारात उभ्या राहणाऱ्या अशिलाचा राहून गेला. तुझ्या इमारतीत घरपट्टी भरायला आलेली म्हातारी जुलैमध्ये कुठे उभी राहणार, ते प्लॅनवर बोट ठेवून मला दाखव.

आता माझं. एका तालुक्याच्या गावी सभागृह बांधत होतो. चार फूट बाहेर आलेला छज्जा, खाली भिंत उघडी, राखाडी, सुरेख. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन बोटं आत, एक खाच लागते. शटरिंगच्या फळीवर लाकडी पट्टी ठोकून ठेवली की काँक्रीटमध्ये ती आपोआप उमटते. पाणी खाचेपाशी अडतं आणि टपकन खाली पडतं. खाच नसेल तर ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीकडे येतं. ड्रॉइंगमध्ये खाच होती. पट्टी मारायची राहिली. स्लॅब भरायच्या दिवशी मी वर सळया मोजत होतो, सळया फळीपासून वर धरणारे ठोकळे, कव्हर ब्लॉक, तपासत होतो, खाली वाकून पाहिलंच नाही. दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ उतरले, अगदी रडलेल्या काजळासारखे. मग कोणीतरी त्यावर गुलाबी ऑइलपेंट फासला. आजही त्या रस्त्याने जाताना मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो.

गिलाव्याच्या भिंतीत अशी चूक बुजवता येते. उघड्या काँक्रीटमध्ये दुरुस्तीचं ठिगळ चुकीपेक्षा जास्त ओरडतं. म्हणून वायरिंगचे पाइप, स्विचचे डबे, एसीच्या पाण्याचा निचरा, नावाची पाटी ठोकायची जागा, सगळं काँक्रीट भरायच्या आधी ठरव. नंतर छिन्नी लागली की संपलं. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर कमी फिरला तर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील. आणि एका भिंतीचं काँक्रीट एका दमात भरून होणार नसेल, तर थांबायची रेघ तू आखून दे, मुकादमाच्या जेवणाच्या सुट्टीवर सोडू नकोस.

आधी मीटरभर उंचीची एक भिंत नमुन्याला बांधून घे, तिच्यावर छोटा छज्जाही काढ. कंत्राटदार कुरकुर करेल, करू दे. ती कुंपणाजवळ उघड्यावर राहू दे. एका पावसाळ्यानंतरचा तिचा फोटो मला पाठव. या वेळी आभाळ कमी, छज्ज्याचं पोट जास्त.

तुझा,
काका

ता. क. खाचेच्या पट्टीला काँक्रीट लागणाऱ्या बाजूंनी तेल लाव, नाहीतर ती काँक्रीटमध्येच अडकून बसते.