मे अखेरीस आईंना घेऊन व्हिएन्ना: नऊ रात्री एकाच शहरात का काढाव्यात

नमस्कार. आपण विचारले आहे की मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा मिळून हाताशी असलेल्या नऊ रात्रींत व्हिएन्ना, साल्झबुर्ग, हालश्टाट, प्राग आणि बुडापेस्ट अशी पाच ठिकाणे बसतील का. बरोबर ११ वर्षांची मुलगी आहे आणि सत्तरीच्या, शाकाहारी आई आहेत. बसतील, पण बसवू नका, असे मी मनापासून सांगेन. तीन उन्हाळे मिळून मी व्हिएन्नात जवळपास सहा आठवडे काढले आहेत, त्यांतला एक सासूबाईंना घेऊन, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की नऊच्या नऊ रात्री एकाच घरात राहावे आणि बाहेरगावी जायचे ते सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासाठी.

याचे कारण साधे आहे. शहर बदलण्याच्या दिवशी दहा-अकरा वाजता खोली सोडावी लागते आणि पुढची खोली सहसा तीनच्या आत मिळत नाही. मधला वेळ बॅगा, फलाट आणि स्वच्छतागृह शोधण्यात जातो. तुमच्या आराखड्यात असे चार दिवस आहेत. तरुण माणसे ते निभावून नेतात, पण आईंना दुपारी तासभर आडवे होता आले, तर त्याच आई संध्याकाळी सातला पुन्हा उत्साहाने बाहेर पडतात. मे अखेरीस तेथे पावणेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो, हवा दुपारी विशीच्या आसपास असते, आणि जेवणानंतरचे ते दोन उजेडाचे तास हीच मला या शहराची सर्वांत मोठी देणगी वाटते. तारखाही तुम्ही योग्य निवडल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये स्टेट ऑपेरा हे संगीतनाट्यगृह बंद असते, हॉफबुर्ग या जुन्या शाही राजवाड्याच्या प्रार्थनामंदिरात रविवारी गाणारे बालगायकही जूननंतर सुट्टीवर जातात, आणि जुन्या इमारतींतल्या खोल्यांना बहुधा एसी नसल्याने उन्हाची लाट आली की रात्री झोप लागत नाही.

घर निवडताना पिनकोडकडे पाहा. १०७० म्हणजे सातवा विभाग, १०४० म्हणजे चौथा. मधले दोन आकडे विभाग सांगतात. दोन ते नऊपैकी कोणत्याही विभागात भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळ घर मिळाले, तर अगदी मध्यवर्ती पहिल्या विभागाचे भाडे मोजण्याची गरज नाही. मात्र एक गोष्ट नीट तपासा. जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर कधी ‘होखपार्टेरे’, कधी ‘मेझानिन’ असे मजले येतात आणि मगच ‘पहिला मजला’ सुरू होतो. आमच्या पहिल्या खेपेला जाहिरातीतला पहिला मजला प्रत्यक्षात तीन जिन्यांवर निघाला आणि लिफ्ट नव्हती. म्हणून घरमालकाला मजला विचारू नका. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट कोठून सुरू होते, हे विचारा. स्वयंपाकघर असलेलेच घर घ्या, त्याचे कारण पुढे येईल.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी जिची सर्वत्र जाहिरात दिसते ती विनाथांबा गाडी १६ मिनिटांत पोहोचवते, पण तिचे भाडे बरेच जास्त असते. एस-७ ही साधी लोकल त्याच वीन मिटे स्थानकावर सुमारे २५ मिनिटांत आणते. विमानतळ शहराच्या भाडेक्षेत्राबाहेर असल्याने त्या तुकड्याचे तिकीट मात्र वेगळे लागते. शहरात एकेरी तिकिटांऐवजी काही दिवसांचा पास घ्या. स्थानकांना फाटके नाहीत, त्यामुळे कागदी पासावर आधीच वेळ छापलेली नसेल, तर फलाटाच्या तोंडाशी असलेल्या निळ्या पेटीत तो घालून शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेला पास तपासनीस विनातिकीटच धरतो.

पाहण्यासारख्या ठिकाणांत शोनब्रुन राजवाड्याला एक संपूर्ण दिवस द्या, कारण तीन पिढ्यांना एकाच आवारात आनंद देणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही. राजवाड्याला १४४१ खोल्या आहेत, त्यांतल्या थोड्याच दाखवतात आणि तेवढ्या पुरतात. आरसेमहालात मुलीला सांगा की १७६२ साली सहा वर्षांचा मोत्सार्ट सम्राज्ञी मारिया तेरेझापुढे येथे वाजवून गेला. राजवाड्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ऐनवेळी गेल्यास हवी ती वेळ मिळत नाही. बाग मात्र विनामूल्य आहे. त्याच आवारात १७५२ साली स्थापन झालेले, आजही चालू असलेले जगातील सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय आहे. मुलगी आणि तिचे वडील तिकडे, आणि आई व तुम्ही झाडांच्या सावलीतल्या बाकांवर, अशी वाटणी केली तर कोणाचीच फरफट होणार नाही. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानदार वास्तूपर्यंतची चढण आईंनी चढलीच पाहिजे असे नाही, खालून ती वास्तू तितकीच देखणी दिसते.

संग्रहालये दोनच करा. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात पीटर ब्रॉयगेलच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह एका दालनात आहे. १५६५ सालच्या ‘बर्फातील शिकारी’ या चित्रासमोर मुलीला दहा मिनिटे उभी करा आणि गोठलेल्या तळ्यावर काय काय चालले आहे, ते तिलाच शोधू द्या. हे संग्रहालय मेमध्ये सोमवारी बंद असते, गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. दुसरे बेल्व्हेडेअर, क्लिम्टच्या ‘चुंबन’ या चित्रासाठी. दोन्ही ठिकाणी १९ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. स्टेट ऑपेरात उभे राहून पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात, पण आईंसाठी मी वेगळा मार्ग सुचवेन: मे-जूनमध्ये अनेक संध्याकाळी आतला प्रयोग इमारतीच्या बाजूच्या चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पैसे पडत नाहीत. सासूबाईंना भाषेचा एक शब्द कळत नव्हता, तरी त्या शाल गुंडाळून मध्यंतरापर्यंत हलल्या नाहीत.

आता जेवणाबद्दल, कारण शाकाहारी माणसाची फसगत येथे अजाणता होते. एका छोट्या खानावळीत मी सासूबाईंसाठी ‘फ्रिटाटेनझुपे’ मागवले. समोर आले ते अगदी नितळ, सोनेरी सूप. त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या तरंगत होत्या आणि वर पातीची हिरवी पेर होती. दोन चमचे पोटात गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितले की ते पाणी गोमांस आणि हाडे उकळून केलेले असते. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी चमचा बशीत आडवा ठेवला आणि आमचे जेवण होईपर्यंत नुसते पाणी पीत बसल्या. चूक खानावळीची नव्हती, माझी होती, आणि ती आठवण मला अजून टोचते. म्हणून केवळ मांसाचे तुकडे नाहीत ना, एवढे विचारून थांबू नका. सूप कशात उकळले आहे, हे विचारा. ‘रिंड’ म्हणजे गोवंश, हा एक शब्द पाठ करा. ‘केझेक्राइनर’ या नावात चीज असले तरी तो चीज भरलेला सॉसेज आहे. चीज घातलेले श्पेट्झले (पिठाचे मऊ, शेवयांसारखे तुकडे) आणि आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याबरोबर येणारे काइझरश्मार्न (जाड गोड धिरड्याचे तुकडे) शाकाहारी खरे, पण दोन्हींत अंडे असते. आई अंडे खात नसतील, तर दिवसातले एक जेवण घरीच करा. तांदूळ आणि भाज्या कोणत्याही सुपरमार्केटात मिळतात, मुगाची डाळ आणि मसाले मात्र भारतातून न्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकाने बंद असतात, आणि या दिवसांत गुरुवारी किंवा सोमवारी येणारे ख्रिस्ती सणही असतात. अशा वेळी मुख्य रेल्वे स्थानकातले सुपरमार्केट उघडे सापडते. पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून या शहराच्या नळांना डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी येते आणि ते फार गोड आहे. कॉफीगृहात कॉफीबरोबर चकचकीत तबकात त्याच पाण्याचा पेला ठेवतात, त्यावर चमचा पालथा टेकवलेला असतो, आणि एका कॉफीवर आई तासभर बसल्या तरी त्यांना कोणी उठवणार नाही.

बाहेरगावी दोन दिवस जा. पहिला वाखाऊ खोऱ्यासाठी: आगगाडीने तासाभरात मेल्क, तेथला बेनेडिक्टीन मठ पाहून दुपारच्या बोटीने डॅन्यूबमधून क्रेम्सपर्यंत, आणि तेथून गाडीने परत. बोट मेल्कहून क्रेम्सकडेच घ्या. प्रवाहाच्या दिशेने वेळ बराच कमी लागतो. दोन्ही काठांवर द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा आहेत, आणि आईंना चालावे जवळजवळ लागत नाही. दुसरा दिवस शेजारच्या स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हासाठी, तेही तासाभरावर. सीमेवर सहसा कोणी थांबवत नाही, तरी पासपोर्ट जवळ हवाच. साल्झबुर्गला एका बाजूने अडीच तास लागतात, ते या खेपेस सोडा.

एकाच देशात, म्हणजे ऑस्ट्रियात, राहिल्याने व्हिसाचा अर्जही सुटसुटीत होतो, कारण शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) नियमांनुसार जेथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. मेच्या सुट्टीत अर्जांची गर्दी होत असल्याने फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या. शुल्क प्रौढांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईंच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांबद्दलचे कलम मुद्दाम वाचून घ्या. घराचे आरक्षण रद्द करता येईल असेच ठेवा, आणि शोनब्रुनची तिकिटे व्हिसा हातात आल्यावर, सकाळच्या पहिल्या वेळेची काढा.