स्टँडबाय पासवरचं वाढीव शुल्क परत मागता येईल का?

खारघरच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा मावसभाऊ एका परदेशी विमान कंपनीत, मुंबई विमानतळावर नोकरीला आहे. त्याच्या कोट्यातले दोन स्टँडबाय गेस्ट पास (कर्मचाऱ्याच्या पाहुण्यांसाठीचे सवलतीचे पास, विमानात जागा उरली तरच चालणारे) घेऊन त्या आणि त्यांचे यजमान फ्रँकफर्टला मुलीकडे गेले. दोघांच्या जाण्या-येण्याचे 38,000 रुपये त्यांनी भावाला दिले, तिकिटंही निघाली. मग निघायच्या तोंडावर कंपनीने पाहुण्यांच्या पासवर माणशी 6,000 रुपयांचं नवं ‘सेवा शुल्क’ लावलं आणि भावाच्या पगारातून कापून घेतलं. तेही यांनी भरून दिलं. शिवाय ‘तुझ्या धावपळीचे’ म्हणून 10,000 रुपये यूपीआयने वेगळे पाठवले. परतीला लागोपाठ दोन दिवस जागा मिळाली नाही, शेवटी दुसऱ्या कंपनीची पूर्ण दराची तिकिटं काढून यावं लागलं. आता शुल्क परत मिळेल का, भरपाई मिळेल का आणि तक्रार कुठे करायची, असं त्या विचारतात.

भरपाईचं आधी सांगतो, कारण तिथे फारसं काही हाती लागणार नाही. युरोपातून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानात जागा नाकारली तर माणशी 600 युरो मिळतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं ते खरं आहे. पण युरोपीय संघाच्या 2004 च्या त्याच नियमात, कलम 3 मध्ये, फुकट किंवा सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या दराने प्रवास करणाऱ्यांना वगळलं आहे. आपल्या डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, भरपाईही कन्फर्म तिकीटवाल्यांसाठीच आहे. स्टँडबाय म्हणजे रेल्वेचं आरएसी नव्हे, की निदान बसायला तरी जागा मिळेल. विमान भरलं की पासवाला खालीच राहतो आणि तो धोका पत्करूनच पास घेतलेला असतो. त्यामुळे परतीच्या पूर्ण दराच्या तिकिटांचा खर्चही कंपनीकडून वसूल होणार नाही.

म्हणून पासवाल्याला काहीच हक्क नसतात असं मात्र नाही. उदाहरणार्थ, भारताने 2009 साली स्वीकारलेला, आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीची जबाबदारी ठरवणारा मॉन्ट्रिअल करार विमान कंपनीने फुकट नेलेल्या प्रवाशालाही लागू होतो. तुमची बॅग हरवली असती तर ‘पासवर आला होतात’ एवढ्यावर कंपनीला हात झटकता आले नसते.

आता पैशांचं. भावाकडून तिकिटाची पूर्ण पावती मागवा, एकूण रकमेचा मेसेज नको. कर्मचारी सवलत बहुधा मूळ भाड्यावरच असते, बाकीचे आकार पुरेपूर लागतात. पावतीवर दोन अक्षरी संकेत दिसतील. ओवाय हा जर्मनीचा हवाई वाहतूक कर, डीई हे तिथलं सुरक्षा शुल्क, आरए हे विमानतळाचं प्रवासी शुल्क. तुम्ही त्या कंपनीच्या विमानाने फ्रँकफर्टहून उडालाच नाहीत, तेव्हा परतीच्या टप्प्याचे हे आकार ठेवून घेण्याचं कंपनीला कारण नाही. मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करावेत, हीच डीजीसीएच्या परताव्याच्या नियमांचीही भूमिका आहे. वायक्यू किंवा वायआर दिसलं तर तो कर नसून कंपनीचा स्वतःचा अधिभार असतो. तो आणि परतीचं मूळ भाडं परत मिळतं का, हे कर्मचारी प्रवासाच्या नियमावलीत पाहावं लागेल. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सर्वात भक्कम पैसा हा करांचा आहे, आणि तुमच्या पत्रात नेमका त्याचाच उल्लेख नाही!

राहिले सेवा शुल्काचे 12,000. इथे सगळं तारखांवर आहे. शुल्क जाहीर झाल्यानंतर तिकीट निघालं असेल तर विषय संपला. तुमच्या सांगण्याप्रमाणे तिकीट आधी निघालं असेल, तर ठरलेल्या किमतीवर मागाहून आकार चढवला असं म्हणता येतं. कंपनी दोन मुद्दे मांडेल. एक, नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवला आहे. दुसरा, ही कर्मचाऱ्याला दिलेली सवलत आहे, तुम्ही आमचे ग्राहकच नाही. दुसऱ्याला उत्तर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मध्ये, मोबदला देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक ठरतो, आणि तुमचा प्रवास स्वस्त होता, फुकट नव्हता. किशोर लाल विरुद्ध कर्मचारी राज्य विमा महामंडळ या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या पत्नीवरच्या उपचारांनाही ‘सेवा’ मानलं, कारण त्यामागे वर्गणी भरलेली होती. पहिला मुद्दा मात्र जड आहे. ‘अवाजवी करार’ म्हणून ती अटच रद्द करून मागायची तर जिल्हा ग्राहक आयोगाला तो अधिकार नाही, राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं. बारा हजारांसाठी मी तो सल्ला देणार नाही. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडा.

पण त्याआधी त्या 10,000 रुपयांचा विचार करा. पास विकणं किंवा त्यावर पैसे कमावणं विमान कंपन्या सहसा खपवून घेत नाहीत, त्यात नोकरीही जाऊ शकते. तुम्ही प्रेमाने दिलेत हे मला पटतं, कंपनीच्या वकिलाला पटेलच असं नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि पैसे दिल्याचे पुरावे जोडावे लागतात, उलटतपासणीत हे बाहेर येऊ शकतं, आणि शपथेवर लपवाछपवी करायला मी सांगणार नाही. तेव्हा भावाला विश्वासात घेतल्याशिवाय नोटीस पाठवू नका.

आधी त्यानेच कंपनीच्या कर्मचारी प्रवास विभागाला ईमेल करून न वापरलेल्या टप्प्याचे कर आणि नंतर लावलेलं शुल्क परत मागावं. पास त्याच्या नावावर निघालेले असल्याने परतावाही बहुधा त्याच्याच खात्यात किंवा पगारात येईल. महिनाभरात उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आयोगात जायचं झालं तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने फी लागत नाही. खारघर नवी मुंबईत धरलं जात असलं तरी जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागला. पण तुम्ही ऐरोलीत नोकरी करता असं पत्रात आहे. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे काम करतो तिथेही तक्रार चालते, तेव्हा ठाणे जिल्हा आयोग निवडा आणि नोकरीच्या ठिकाणाचं तुमच्या कंपनीचं पत्र सोबत जोडा.