वृद्धाश्रमातल्या खुनाची कथा लिहिताना
कोकणातल्या वृद्धाश्रमात मृत्यू अंथरुणात घडवू नका. डॉक्टर हृदयविकाराचा दाखला देतात, दहन होतं, पुरावा संपतो. त्यापेक्षा चिरेबंदी विहीर घ्या. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा आलाच (काळ १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल, तर जुन्या संहितेचं कलम १७४). सूडाचं मूळ सातबाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या फेरफारात पुरा, म्हणजे शोधणाऱ्याला तलाठ्याकडे काहीतरी हाती लागेल. संशय शोक करणाऱ्यावर वळवा. धक्क्याने गप्प झालेला माणूस हमखास अपराधी वाटतो. खऱ्या गुन्हेगाराला मात्र रडवू नका, राबवा: भटजी, दर्भ, दहाव्याचा भात सगळं त्याच्याच अंगावर, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत त्याचा जीव टांगणीला. शेवटी पोलिसांसमोर लांबलचक कबुलीजबाब नको, तो न्यायालयात ग्राह्य धरत नाहीत.