आइसलँडिक भाषा लिहितात तशीच बोलतात का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: आइसलँडिकमध्ये लिहितात तसंच उच्चारतात का, आणि दोन महिन्यांनी कामासाठी तिकडे जाण्याआधी निदान पाट्या वाचण्याइतकी तयारी होईल का. मी रेक्याविकमध्ये चार वर्षं राहिले आणि संध्याकाळच्या वर्गात ही भाषा शिकले, त्या अनुभवावरून लिहिते.

वाचायला दोन महिने पुरतात. लिहिलेला शब्द समोर असला की त्याचा उच्चार नियमांनी जवळजवळ पूर्ण ठरतो. आघात तर कायम पहिल्या अक्षरावर. उलट, कानाने ऐकलेला शब्द अचूक लिहिणं अवघड, अगदी तिथल्या मुलांनासुद्धा. दोन्हीचं कारण एकच. हे लेखन घडलं जुन्या भाषेवरून, आणि त्यानंतर उच्चार बदलत गेले. पण ते बदल सगळीकडे सारखे, शिस्तीत झाले. म्हणून अक्षराकडून उच्चाराकडे जाणारी वाट मोडली नाही.

तुमचं विमान जिथे उतरणार, ते केफ्लाविक घ्या. लिहिताना त्यात 'एफ' आहे, पण तिथले लोक 'ख्येप्लावीक' म्हणतात. 'एफ'च्या पुढे 'एल' किंवा 'एन' आला की त्याचा 'प' होतो. 'नाव' या अर्थाचा शब्द लिहितात 'नाफ्न', म्हणतात 'नाप्न'. तोच 'एफ' दोन स्वरांमध्ये सापडला की 'व' होतो, म्हणून ओलाफुर हे नाव ऐकू येतं 'ओउलावुर'. दोन 'एल' जोडून आले की बहुतेक वेळा 'त्ल'. 2010च्या एप्रिलमध्ये ज्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर बसवली, त्याचं नाव जगभरच्या वृत्तनिवेदकांना झेपलं नाही ते यामुळेच. एया म्हणजे बेटांच्या, फ्यात्ला म्हणजे डोंगरांच्या, योकुत्ल म्हणजे हिमनदी. तिन्ही तुकडे ओळखीचे झाले की 'एयाफ्यात्लायोकुत्ल' सहज जमतं. शेवटचा 'ल' कुजबुजल्यासारखा, श्वासाचा.

आता एक गोष्ट जी मराठी माणसाला फार सोपी जाते. आइसलँडिकमध्ये ग, द, ब हे घोष स्पर्श, म्हणजे घसा थरथरवून काढलेली व्यंजनं, नाहीतच. 'बी' लिहितात आणि 'प' म्हणतात, 'पी' लिहितात आणि शब्दाच्या सुरुवातीला 'फ' म्हणतात. हा फ दोन्ही ओठ मिटून काढायचा, दातांवर ओठ टेकवून नाही. तसंच 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. गाडी 'पीत्ल', बोलणं 'थाला', कॉफी 'खाफ्फी', अंडं 'एक्क'. माझ्या वर्गातल्या युरोपीय मंडळींना प आणि फ यांतला हा फरक ऐकायलाच कित्येक आठवडे लागले. आपल्याला तो पहिलीच्या बाराखडीपासून ठाऊक असतो. शब्दाच्या मध्ये 'जी' मात्र बराच बदलतो; तो ऐकूनच शिकावा.

मला अडलं ते वेगळंच होतं. 'धन्यवाद' साठी 'ताक्क' असं दोन 'के' घालून लिहितात. आपण 'पक्का' म्हणताना श्वास अडवतो, तसं मी करत राहिले आणि शिक्षिका मान हलवत राहिल्या. इथे हकार 'क'च्या आधी येतो. एके दिवशी 'अंतःकरण' शब्द आठवला. तो विसर्ग नीट उच्चारून पाहिला, आणि 'थाःक' जमलं. मग 'नोउःत' म्हणजे रात्र, 'एःप्ली' म्हणजे सफरचंद.

स्वरांवरची तिरकी रेघ पाहून दीर्घ स्वर समजू नका. मुळात ती दीर्घत्वाचीच खूण होती. बाराव्या शतकाच्या मध्यावर एका अनाम आइसलँडरने आपल्या भाषेसाठी लॅटिन लिपी कशी वापरावी यावर निबंध लिहिला. एका स्वराच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्या मांडून प्रत्येक स्वराला स्वतंत्र खूण हवी असं तो दाखवतो, आणि दीर्घ स्वरावर रेघ सुचवतो. इतक्या जुन्या काळी इतका नेमका विचार वाचून मी थक्क झाले. पुढे त्या दीर्घ स्वरांचे उच्चारच बदलले. रेघेचा 'ए' (á) आज 'आउ' आहे, रेघेचा 'ओ' (ó) 'ओउ', रेघेचा 'ई' (é) 'ये'.

लिहिण्यातली खरी अडचण 'आय' (i) आणि 'वाय' (y) ही. पूर्वी दोन्हींचे उच्चार वेगळे होते, आता एकच. आपण 'विशेष'मधले श आणि ष एकसारखे म्हणतो पण वेगळे लिहितो, अगदी तसं. तिथली मुलं त्याच मुळाचा दुसरा शब्द शोधतात: मुलगा 'सोनुर', त्याचं अनेकवचन 'सीनिर'. मूळ शब्दात 'ओ' आहे, म्हणून पहिल्या अक्षरात 'वाय'.

उच्चाराप्रमाणे लिहावं असा प्रयत्नही झाला. 1836 मध्ये कोनराउद गीस्लासोन यांनी 'फ्योल्निर' नियतकालिकात तशी मांडणी केली, पण ती टिकली नाही. व्युत्पत्ती धरून लिहिण्याच्या बाजूने मोठं काम केलं डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क यांनी. आज शब्दांत दिसणारं 'एथ' हे मऊ 'द'चं अक्षर मधल्या शतकांत लिखाणातून गेलं होतं, ते त्यांच्या आग्रहाने परतलं. हेच रास्क 1820 मध्ये मुंबईत येऊन पारशी विद्वानांकडे अवेस्ता ही त्यांच्या धर्मग्रंथांची जुनी भाषा शिकत होते, हे कळल्यापासून मला ते अक्षर जास्तच जवळचं वाटतं. 'झेड' मात्र 1973 मध्ये सरकारने काढून टाकला. तो फक्त 'इथे पूर्वी त किंवा द होता' एवढंच सांगायचा. आपले अनुच्चारित अनुस्वार 1962च्या नियमांनी गेले, त्यासारखंच. 'पिझ्झा'त तो अजून दिसतो.

लेखनाने उच्चारालाही वळण लावलं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याच भागांत 'इ' आणि 'ए' एकमेकांत मिसळू लागले होते, लाकूड आणि हवामान हे शब्द एकसारखे ऐकू येत. 1940च्या दशकात ब्यर्न गुद्फिन्सन यांनी शाळकरी मुलांच्या उच्चारांची देशभर पाहणी केली, शाळांनी ती सवय मोडायचं मनावर घेतलं, आणि आज ती जवळपास ऐकू येत नाही. त्यासाठी किती मुलांना वर्गात लाजवलं गेलं असेल, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्यासाठी क्रम सांगते. पहिले दोन आठवडे फक्त रेघेचे स्वर आणि प-फ, त-थ, क-ख. मग 'त्ल', मग 'एफ'चे तीन उच्चार, शेवटी विसर्गाचा हकार. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा नकाशा घ्या आणि गावांची नावं मोठ्याने वाचा. तुमच्या कामाचं गाव कोणतं ते कळवा, त्याचा उच्चार अक्षर-अक्षर फोडून लिहून देईन.